बोटीच्या कर्जावर फायनान्स कंपनीने स्वतःच नेमलेल्या लवादाने (कोर्टाबाहेर वादाचा निर्णय देणारा माणूस) निवाडा दिला, आता दरखास्त (निवाड्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेला अर्ज) आलीय, वसुली थांबवता येईल का? (रत्नागिरी)

हो, थांबवता येते, पण दरखास्तीत जाऊन 'लवाद त्यांचाच माणूस होता' एवढंच सांगून भागणार नाही, १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करायचा अर्ज टाका आणि कलम ३६ खाली स्टेसाठी (वसुलीला तात्पुरती स्थगिती) वेगळा अर्ज द्या, २०१५ च्या दुरुस्तीपासून स्टे आपोआप मिळत नाही. मुद्दा भक्कम आहे तुमचा, निकालात ज्याचा फायदा त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन केसमध्ये सांगितलंय. फक्त वाद सुरू झाल्यावर त्याच लवादाला लेखी संमती दिली असेल तर अवघड. आणि मुदत कडक आहे हो, निवाड्याची प्रत हातात आल्यापासून ३ महिने, वर सबळ कारण असेल तरच ३० दिवस, म्हणून आजच वकील गाठा.