ड्रोसेरा कॅपेन्सिस या चिकट पानांच्या कीटकभक्षी झाडाचं नवं रोप पानापासून करता येतं का?

हो, येतं, आणि बी पेरण्यापेक्षा लवकर. धडधाकट पान देठासकट काढून झाकणाच्या पारदर्शक डबीत पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यावर तरंगत ठेवा. उजेड भरपूर, थेट ऊन नको. काही आठवड्यांत चिकट केसांच्या मधूनच टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे कोंब फुटतात. मुळं दिसली की पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेल्या वाळूत लावा. मी घरी असंच करते. नळाचं पाणी, शेणखत, गांडूळखत अजिबात नको (नर्सरीवाले हमखास सुचवतात). निकस, ओल्या जमिनीतलं हे झाड, क्षारांनी मुळं जळतात. मात्र कास पठारावरच्या ड्रोसेरा इंडिकाला हा उपाय लावू नका. ती हंगामी, बियांवरच येणारी. तिथून उपटून तर आणूच नका.