अहवाल नको, धुराडं दाखव

पोरी,

संचालक मंडळावर बायका वाढल्या की कंपनीचे ईएसजी गुण, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांबद्दल तिला मिळणारे गुण, वाढतात, हे तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या तक्त्यात झकास दिसत होतं. कंपनीचा आकार धरला, प्रत्येक कंपनीचा मूळचा फरक वजा केला, आणि सगळं विरघळलं. आता तुझे मार्गदर्शक म्हणतात, नमुना, म्हणजे निवडलेल्या कंपन्याच, बदलून बघ. आणि तुला धास्ती की हा निकाल छापला तर तो बायकांच्याच विरोधात वापरला जाईल.

नमुना बदलू नकोस. आधी तू मोजलंस काय, ते बघ.

ईएसजी गुण हे बऱ्याच अंशी कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेल्या मजकुरावर उभे असतात. मोठ्या कंपनीकडे असले अहवाल लिहायला अख्खा विभाग असतो. तिच्यावर साऱ्यांची नजर असते, म्हणून मंडळावर बायकाही तिथे लवकर येतात. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबॉन या संशोधकांनी २०२२ मध्ये असे गुण देणाऱ्या सहा संस्थांचे गुण ताडून पाहिले, तर सरासरी सहसंबंध निघाला ०.५४; पूर्ण एकमत असतं तर तो १ आला असता. एकाच कंपनीला एक संस्था गुणी ठरवते, दुसरी उनाड! अशा मापाने मोजल्यावर काही हाती लागलं नाही, तर त्यात त्या संचालिकांचा काय दोष? अहवाल नको, धुराडं दाखव. उत्सर्जन किती, पाणी किती उपसलं, कामावर माणसं किती जखमी झाली, दंड किती भरला.

‘हे आकडे मिळत नाहीत,’ असं लिहिलंयस. मिळतात गं, कष्ट पडतात. युरोपच्या उत्सर्जन व्यापार योजनेत २००५ पासून एकेका कारखान्याचं पडताळलेलं उत्सर्जन नोंदलं जातं. अमेरिकेत विषारी द्रव्यांची सरकारी नोंदवही १९८० च्या दशकापासून आहे. कारखान्यांची नावं मालक कंपन्यांशी जुळवण्यात काही महिने जातील. जाऊ देत.

कार्यकारण हवं असेल तर नॉर्वेकडे बघ. २००३ मध्ये कायदा झाला, २००८ पर्यंत सार्वजनिक मर्यादित कंपन्यांना मंडळावर ४० टक्के बायका आणाव्या लागल्या. इथे ‘जबाबदार कंपनीच बायकांना नेमते’ हा आक्षेप बराच बोथट होतो. पूर्ण नाही, कारण काही कंपन्यांनी कायदा टाळायला आपलं कायदेशीर स्वरूपच बदललं. त्या पळालेल्यांनाही मोज.

आणि ‘एक तरी स्त्री आहे का, हो की नाही’ हा तुझा रकाना काढून टाक. एकटी बाई प्रतीक बनून राहते, हे समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ कँटरने १९७७ मध्ये मांडलं. तिघी झाल्या की बैठकीतलं बोलणं बदलतं, असं नंतरच्या मुलाखतींमधून दिसलं. त्या कोणत्या समितीवर आहेत? मोबदला ठरवणाऱ्या समितीवर असतील, तर मुख्य अधिकाऱ्याचा बोनस उत्सर्जनाला बांधता येतो. नुसत्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, समितीवर बसवलं असेल, तर हाती उरतं देणग्या वाटणं आणि फोटो.

तुझी ती धास्ती मला मात्र चीड आणते. बायका आल्या की हवा स्वच्छ होते, हे सिद्ध झालं तरच त्यांनी खुर्चीवर बसायचं? पुरुषांकडून असा दाखला कोणी मागितला होता? जागेवरचा हक्क वेगळा, धुराड्याचा हिशेब वेगळा. शून्य निकाल आला तर शून्य छाप.

हेच बोलत राहिले म्हणून परिषदांची बोलावणी आटली, दोन जुन्या मैत्रिणी दुरावल्या. त्यांना वाटलं, मी आपल्याच बाजूवर उलटले. मैत्रिणींचं दुःख आहे, हेकटपणाचं नाही. माझ्या हयातीत दुसरं कोणी ते बोलत नव्हतं, निदान माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्याने तरी.

मार्गदर्शकांना सांग, नमुना तोच राहील, माप बदलतेय. रागावले तर माझं नाव घे. आणि जुना तक्ता फाडू नकोस, नव्याच्या शेजारीच छाप. अहवालातल्या गुणांचा एक, धुराड्याचा एक. पुढच्या पत्रासोबत कारखान्यांची यादी पाठव, जुळणी झाली असेल तेवढी.