दात शाबूत, मग चेन का उघडते?

जून उजाडला की दप्तरांच्या चेनचे तेच तेच प्रश्न येतात. तीस वर्षं दुरुस्तीच्या पाटावर बसून तोंडी उत्तरं दिली, या वेळी लिहूनच टाकतो.

जीन्सची चेन अडते. सासूबाई म्हणतात खोबरेल लावा. लावू का?

नको. तेलावर धूळ बसते, आठवड्यात काळं कीट होतं, कापडाला डाग पडतो तो वेगळाच. मेणबत्ती किंवा शिसपेन्सिलीचं टोक दातांवर घासा.

जॅकेटचं अस्तर रनरमध्ये, म्हणजे चेनवर सरकणाऱ्या तुकड्यात, अडकलंय.

पुढे ओढू नका. अस्तर आडवं ताणून धरा आणि रनर आला तसा हळूहळू मागे न्या.

मुलाच्या दप्तराची चेन लावली की मागून उघडत जाते. दात सगळे नीट आहेत. दुकानदार म्हणतो, अख्खी चेन बदला.

म्हणणारच! रनर बदलून त्याला मिळणार किती? दोष दातांचा नाही, रनरचा आहे. रनरच्या पोटात दोन वाटा एकत्र येतात आणि मागच्या टोकातून दात जुळून बाहेर पडतात. दप्तर फुगेपर्यंत भरायचं आणि वर गुडघा देऊन चेन खेचायची, असं रोज केलं की त्या मागच्या टोकाच्या वरच्या-खालच्या पत्र्यांतली फट वाढते. मग दात दाबलेच जात नाहीत.

रनर सुरुवातीला आणा. बारीक पकडीने मागच्या टोकाची एक कड किंचित दाबा, मग दुसरी, आणि चालवून बघा. किंचित म्हणजे किंचितच. बहुतेक रनर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, ते वाकण्याआधी तडकतात. शिवाय हा इलाज चार दिवसांचा. नवा रनर घेताना जुन्याच्या पाठीवरचा आकडा बघा: 3, 5, 8, 10. साधारण तेवढे मिलिमीटर जुळलेल्या दातांची रुंदी असते. नायलॉनच्या चेनला पितळी चेनचा रनर चालत नाही, आकडा तोच असला तरी. शंका असेल तर दप्तरच घेऊन जा, फोटोवरून रनर मागवू नका.

चेनमध्ये लहान मुलाची कातडी अडकली तर?

ओढू नका, पकड लावू नका. भोवतीचं कापड हवं तर कापा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

प्रवासी बॅगेची चेन मधेच उसवलीय. दोन महिने सेफ्टीपिनवर चालवतेय. आता काय करू?

दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर पट्टीला चार टाके घालून भागलं असतं. आता पिनांनी पट्टीची चाळण झाली असेल, म्हणजे रनरने भागणार नाही. इथे मात्र अख्खी चेनच बदलावी लागेल, पण आधी बॅग दाखवा. येताना रिकामी करून आणा.