कुमुदिनी तळ्याकडे प्रथमच जाताना

साताऱ्याहून साधारण 25 किलोमीटरवरील कास पठार पाहायला आपण येणार असाल, तर माझी विनंती अशी की फुलांच्या गर्दीतून थोडे बाजूला होऊन जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जावे. शहराला पाणी पुरवणारा कास तलाव वेगळा. नवखे लोक या दोहोंची नेहमी गल्लत करतात. सप्टेंबरात सकाळी निघावे, कारण कुमुदिनीचे फूल एकाच दिवसाचे असते. काठावर उकिडवे बसून पाहिल्यास पांढऱ्या पाकळ्यांवरची केसाळ झालर आणि मधला पिवळा ठिपका स्पष्ट दिसतो. दुर्बिणीपेक्षा साधे भिंग येथे अधिक उपयोगी पडते.

पठाराच्या जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की एक पाऊल चुकले तरी कित्येक रोपे तुडवली जातात. त्यातच सीतेची आसवे ही कीटकभक्षी रोपे असतात, जी मुळांसारख्या भागावरील सूक्ष्म पिशव्यांत कीटक पकडून पोषणाची उणीव भरून काढतात. पहिल्या वर्षी मीही छायाचित्राच्या नादात वाट सोडली होती. ओला जांभा निसरडा असतो, म्हणून चपला घालून येऊ नये.