गुणसूत्रांत ‘विकृती’, ‘दोष’ की ‘बिघाड’?

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: अक्यूट ल्युकेमियाबद्दल (हा रक्ताचा कर्करोग) लिहिताना गुणसूत्रांतल्या (पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांतल्या) बदलाला, म्हणजेच ‘क्रोमोसोमल अ‍ॅबनॉर्मॅलिटी’ला ‘गुणसूत्रीय विकृती’ म्हणावं की ‘गुणसूत्र दोष’?

मी दोन्ही टाळेन. आयुर्वेदात ‘विकृती’ हा प्रकृतीचा साधासुधा जोडीदार. पण आज ‘विकृत’ म्हटलं की गुन्हेगारीची बातमीच आठवते. ‘दोष’ तर त्याहून वाईट. दोष आला की तो कुणाचा हे शोधणं आलं. सात वर्षांच्या नातवाच्या रिपोर्टात ‘गुणसूत्र दोष’ वाचून आजी आधी सुनेच्या माहेराकडे बघणार! शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही. ल्युकेमियातले हे बदल बहुतेक वेळा आईबापांकडून आलेले नसतात. अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथल्या) एखाद्या पेशीत ते घडतात आणि तिच्यापासून वाढलेल्या पेशींतच दिसतात. म्हणून ‘बिघाड’. बिघाड चालत्या पंपात होतो, चालत्या घड्याळात होतो. त्याला खानदान लागत नाही.

यात एक गंमत आहे. १८८८ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी ‘क्रोमोसोम’ हे नाव दिलं ते ग्रीक शब्दांवरून, अर्थ ‘रंगीत काया’, कारण सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे रंग छान धरतात. गुजरातीत अजून ‘रंगसूत्र’च म्हणतात. आपण रंग सोडून गुण धरला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत मात्र जन्माचा तो वाण, म्हणजे रंग. गुण मागाहून लागलेला. म्हणजे ल्युकेमियापुरता तरी आपला शब्द अगदी चपखल!

आता ‘ट्रान्सलोकेशन’, ल्युकेमियाच्या रिपोर्टात दिसणारा असाच एक बिघाड. कोशात ‘स्थानांतरण’ मिळेल, पण त्यात एक जण उठून दुसरीकडे जातो, बदली झाल्यासारखा. इथे दोघांचं जातं. रिपोर्टात ‘टी(१५;१७)’ असेल तर १५ आणि १७ क्रमांकांची गुणसूत्रं तुटून त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले गेलेत; मोजली तर भरतात ४६च, माणसाच्या पेशीत एरवी असतात तेवढीच. याला मराठीत जुना शब्द आहे: साटंलोटं. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. राजकारणानं तो शब्द नासवला नसता तर मी पत्रकातही घातला असता. आता ‘अदलाबदल’ बरा.

ही १५-१७ची अदलाबदल १९७७ साली दाखवून दिली शिकागोच्या डॉक्टर आणि गुणसूत्रांच्या अभ्यासक जॅनेट राउली यांनी. गुणसूत्रांचे फोटो कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या, आणि मुलं चिडवायची की आई कागदी बाहुल्या खेळते. हा बिघाड ज्यात सापडतो त्या अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर (अक्यूट ल्युकेमियाचाच एक प्रकार) आज ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात, आणि बरेच रुग्ण बरे होतात. हे आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, जुन्या वैद्यकीतलं विष. पत्रकात तो शब्द नको, नाहीतर कुणी वैदूकडे जायचं. ते रुग्णालयात, मोजून, शिरेतून देण्याचं औषध आहे.

जाता जाता: ‘अक्यूट’ला सरसकट ‘तीव्र’ लिहू नका. वेदना तीव्र असतात. इथे मुद्दा वेगाचा आहे. ‘झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग’ लिहिलंत तर आजीलाही कळेल.