चांदोबा कोणाच्या मागे?

प्रश्न : साडेचार वर्षांची नात म्हणते, "चांदोबा माझ्यामागेच येतो." हसावं की चूक सुधारावी?

उत्तर : हसा, पण पाहुण्यांसमोर तेच पुन्हा म्हणायला लावू नका, मुलं मग टाळ्यांसाठी बोलू लागतात. आणि चूक कसली? चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर, म्हणून आपण चाललो तरी त्याची दिशा बदललेली जाणवत नाही. जवळची झाडं मागे पडतात. तिचं निरीक्षण पक्कं आहे. "दादा उलट दिशेला गेला तर चांदोबा कोणाबरोबर?" एवढंच विचारा. मानसशास्त्रज्ञ पियाजे मुलांना असंच विचारत. मग दोघांना गच्चीत विरुद्ध बाजूंना चालवा. भांडण होईल, होऊ द्या. वहीत तिचेच शब्द, व्याकरण न सुधारता, तारखेसह लिहा.