तपासणीचे पैसे घे, पण आधी सांगून

गॅरेजात आलेल्या गाडीचा बिघाड शोधायचे, म्हणजे तपासणीचे, पैसे मागायला लाजू नकोस. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणं दोन मिनिटांचं काम, ते हवं तर फुकट कर. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला तर पेट्रोलच्या मानाने हवा जास्त पडतेय एवढंच कळतं. ती फाटक्या पाइपातून शिरतेय, हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय की फ्युएल प्रेशर कमी आहे, हे शोधण्यात तास जातो. पैसे त्या तासाचे. न शोधता सेन्सर बदललास तर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पुन्हा पेटतो आणि गिऱ्हाईक तुटतं.

आपल्या किनाऱ्यावर खारी हवा, त्यात पावसाळा. लाइटचा, म्हणजे विजेचा, फॉल्ट असेल तर आधी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीशी असलेली जोडणी, बघ. हेडलाइट, ब्लोअर चालू ठेव. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थच्या बोल्टखाली गंज असायची शक्यता दाट. खोल, घास, आवळ, वरून ग्रीस लाव. पार्टचा खर्च शून्य, बिल फक्त शोधण्याचं! नेमकं इथेच गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून गाडी आत घेण्याआधीच आकडा सांग, जॉब कार्डवर लिहून सही घे. दुरुस्ती तुझ्याकडेच केली तर ती रक्कम बिलातून वजा कर.

उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग मात्र ठोक रकमेत घेऊ नकोस. तासावर घे, आणि ठरलेले तास संपले की पुढे हात लावण्याआधी मालकाला फोन कर.